चोराच्या मागावरची नाव

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यॉटच्या स्वयंपाकघरात मासे साफ करत होतो. तसाच ओल्या हातांनी उभा राहिलो... किनारा कुठंच दिसत नव्हता. सोलापूरला पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. बापाला मूठभर माती द्यायलाही मी नव्हतो, हे अजून गिळता येत नाही.

नोकरी लागली तेव्हा अप्पांनी सरकी-पेंडीच्या दुकानात बसल्या बसल्या विचारलं होतं, "यॉट म्हंजे रं काय?" श्रीमंतांची मौजेची नाव, म्हटलं. त्यांचं तोंडच उतरलं. आपलं पोरगं लोकांची उष्टी काढणार! मग मी शोधून सांगितलं, शब्द मूळचा डच, अर्थ शिकार, पाठलाग. समुद्री चोरांच्या मागं लागायला डच लोकांनी हलक्या, चपळ नावा बांधल्या. पुढं पैसेवाल्यांना त्या वेगाची चटक लागली आणि त्याच नावा सहलीच्या झाल्या. अप्पांनी पुढचं सगळं सोडून दिलं. गिऱ्हाइकाला पेंड तोलता तोलता सांगू लागले, "आमचा मल्लू चोरांच्या मागं असतोय."

मी वैतागलो. "अप्पा, मी तिथं आचारी आहे हो!"

"व्हय की. मग मागं लागणाऱ्यास्नी जेवाय कोण घालतंय? उपाशीपोटी चोर घावतोय व्हय?"

आमचं घर शाकाहारी. तिथं काय शिजवतोस, हे मात्र त्यांनी जन्मात विचारलं नाही.

दर रविवारी संध्याकाळी जुळे सोलापूरच्या घरात, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून ते फोन लावायचे. पाऊस, लग्नकार्यं, सगळं नंतर. आधी, "घावला का रं चोर?" मी नाही म्हणायचो. "सोडू नगंस." कितीही दमलेलो असलो तरी हसू यायचं. आई, आमची अव्वा, मागून ओरडायची, "पुरे की चेष्टा! जेवला का इचारा त्याला."

आता यॉटवर परत जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. अव्वा एकटी... आणि पुन्हा असाच फोन आला तर? तिला काही बोललो नाही, नुसती बॅग माळ्यावर टाकली.

परवा रविवारी संध्याकाळी अव्वा त्या खुर्चीत येऊन बसली. अप्पा गेल्यापासून तिथं कुणी बसलं नव्हतं. पदर सावरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"घावला का रं चोर?"

"नाही, अव्वा."

"मग हितं काय करतोयस?"