आतून आलेला आवाज

अक्का ब्रेल पुस्तकं तपासायच्या. त्यांना दिसत नसे, संगणकच पडद्यावरचं सगळं वाचून दाखवी. जुना संगणक बंद पडायला आला, तेव्हा त्यातलं सगळं उतरवून त्यांनी नव्याच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं, म्हणजे नुसता सॉफ्टवेअरचा दुसरा संगणक. पण ते काही केल्या सुरू होईना. "व्हर्च्युअलायझेशन बंद आहे," एवढंच नव्याचा आवाज सांगे.

ते चालू करायचा मेनू संगणक सुरू होतानाच, हा आवाज जागा होण्याआधी येतो. तिथे संगणक मुका. अक्कांनी शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, जरा वाचून दाखवा."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हं!"

"कळायला नकोच. निळी पट्टी कुठल्या ओळीवर आहे तेवढं सांगा."

ते अक्षरं लावत वाचू लागले, अक्का बाणाची कळ दाबत गेल्या. "व्हर्च्युअलायझेशन... डिसेबल्ड," ते म्हणाले. अक्कांनी तिथे 'एनेबल्ड' केलं आणि संगणक पुन्हा सुरू करून आतलं मशीन चालू केलं.

नव्या आवाजाने मशीन चालू झाल्याचं सांगितलं. मग बराच वेळ काहीच नाही. आणि एकदम जुन्या संगणकाचा तो किंचित नाकातला आवाज बोलला, "स्वागत आहे."

अक्कांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अगं, ना कापड, ना शिवण," नवरा हळूच म्हणाला, "आणि हा उभा कसा राहिला?"

"मीच उभा केला," अक्का म्हणाल्या, "तरी मलाही खरं वाटत नाहीये."