चिंचेच्या झाडाचं कार्ड

पिंगळी ठेसनाच्या आसपास कुणाला लांबच्या माणसाला सणाचे चार शब्द धाडायचे असले, की तो गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या पॉइंटमन सूर्यभानच्या क्वार्टरची कडी वाजवायचा. काम सूर्यभानकडं नसायचं, त्याच्या बायकोकडं असायचं. वच्छलाबाई कार्डं करायची. दिवाळीची आणि संक्रांतीची.

हे तिच्या हातात माहेराहून आलं होतं. तिचे वडील माणिकराव निजामाच्या अमदानीत परभणीच्या कचेरीतल्या दप्तरांना जिल्द बांधायचे. कागद कुठल्या बाजूनं दुमडतो, खळ किती पातळ करायची, खळीला कसर लागू नये म्हणून निळं मोरचूद किती टाकायचं, हे वच्छला लहानपणीच शिकली. जिल्दीच्या आतून लावायचा लहरीलहरींचा रंगीत कागद असतो, त्याला अबरी म्हणतात. त्याचे उरलेले तुकडे वडिलांनी तिला ट्रंकभर दिले होते. लग्नात आलेल्या भांड्यांपेक्षा तिला त्या ट्रंकेचंच जास्त अप्रूप होतं.

रझाकारीच्या धामधुमीत सूर्यभान ड्यूटीवर राहिला आणि वच्छला लेकरांना घेऊन वऱ्हाडात, मेहकरला मावशीकडं जाऊन राहिली. पोलीस ॲक्शन झाली, ती परत आली आणि थोड्याच दिवसांत दिवाळी आली. चार महिने जिनं पोटाशी धरलं तिला काहीतरी पाठवावं असं तिच्या मनानं घेतलं. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं अबरीची पणती कापली, जाड कागदावर डकवली आणि खाली लिहिलं, ‘मावशी, तुझ्या घरी उजेड राहू दे.’ मावशीनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. गावातली आणखी पंधरा-वीस घरं अशीच वऱ्हाडात राहून आलेली होती. गोष्ट पसरली. पुढच्या वर्षी लोक आपण होऊन दारात आले. संक्रांतीला ती कार्डाला एक छोटा खिसा करायची आणि त्यात काटेरी हलव्याचे चार दाणे घालायची. पाकिटं तिच्याचकडं जमायची. पॅसेंजर आली की सूर्यभान ती गाडीतल्या टपालाच्या डब्यात टाकून यायचा.

सहा वर्षं असं चाललं. बाजाराला निघालेल्या बाया ठेसनावर थांबल्या की एकमेकींना सांगायच्या, “तिचा हात लय गोड हाय.” वच्छला ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि दिवसभर तेच मनात घोळवायची.

मग चोपन्न साली नवे ठेसनमास्तर बदलून आले. त्यांची बायको पार्वतीबाई सोलापूरची होती. उंच, कमी बोलणारी, नाकात बारीक चमकी. सामानात एक पत्र्याची रंगपेटी होती आणि खारीच्या केसांचे दोन कुंचले. पहिल्याच दिवाळीला तिनं आपल्या आईला धाडायला एक कार्ड केलं आणि ते वाळायला खिडकीत उभं करून ठेवलं. त्यावर पिंगळीचं ठेसन होतं. कौलं, घंटा, कुंपणावरचा वाळत टाकलेला गमछासुद्धा. तो गमछा सूर्यभानचा होता.

“आपला गमछा वळखला बग मी,” सूर्यभान घरी येऊन कौतुकानं सांगायला लागला. “हुबेहूब काडलाय. भोकासगट.”

“गमछे काडायला काय लागतंय,” वच्छला म्हणाली आणि भाकरी अशी थापली की तिची कड फाटली.

त्या दिवाळीला तिच्या दारात दर साली येणाऱ्यांतली सात माणसं आली नाहीत. ती कुठं गेली हे तिला क्वार्टरच्या दारातून दिसत होतं. मास्तरांचं घर समोरच होतं. ज्याला जे पाहिजे ते पार्वतीबाई काढून द्यायची. कुणाला आपली बैलजोडी, कुणाला आपलं तुळशीवृंदावन. वच्छलाची पणती सगळ्यांना सारखीच जायची. पार्वतीबाईचं कार्ड मात्र ज्याचं त्याचं असायचं. हा फरक वच्छलाला पहिल्या दिवशीच कळला होता, म्हणून तर तो तिला सोसत नव्हता.

त्यात पार्वतीबाई वाईट वागली असती तर बरं झालं असतं. एक दिवस तीच वच्छलाच्या दारात आली. म्हणाली, “तुमच्या कागदाला एक सुरकुती पडत नाही. माझी पाकिटं सगळी चिरमटतात. खळ कशी करता, मला दाखवाल?”

“आमची खळ साधीच असती, मास्तरीणबाई,” वच्छला म्हणाली. खळ दाखवली नाही आणि मोरचुदाचं नावही काढलं नाही. पार्वतीबाई गेल्यावर तिला आपली लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग पार्वतीबाईवरच निघाला.

पौष लागला. एका दुपारी गोजरबाई आली. गावातली शेतकरीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिची लेक कडूबाई जिंतुरात दिलेली होती. अडीच वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या लग्नात करवलीचा मान कडूबाईला न देता चुलतबहिणीला दिला गेला. कडूबाई भर मांडवातून उठून गेली. या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं बोलून गेली आणि तिनं तो बोल खरा केला होता.

“वच्छला, मला कार्ड पायजे,” गोजरबाई म्हणाली. “पर पणती नगं. आमच्या वाड्याम्होरचं चिंचंचं झाड काड. त्याला झोका काड. कडू त्या झोक्यावरच वाढली. ते बगितलं की तिला माय आठवंल.”

“असं झाड-बिड कार्डावर न्हाई येत, मावशी. कार्डाची एक रीत असती.”

गोजरबाईनं पदर सावरला. मग उठली आणि समोरच्या घरात गेली.

चौथ्या दिवशी ती पाकीट घेऊन परत आली. टपाल तर वच्छलाच्याच हाती द्यायचं असायचं. “मास्तरीणबाई सोता येऊन झाडाखाली बसल्या व्हत्या,” ती म्हणाली. “संक्रांतीच्या आदी पोचंल ना?”

“पोचंल की.”

पाकीट पोचलं नाही. पॅसेंजरला अजून तास होता. सूर्यभान सिग्नलवर गेला होता, लेकरं शाळेत. वच्छलानं ओल्या फडक्यानं पाकिटाचा जोड भिजवला. जिल्दगाराच्या लेकीला ते काम काय अवघड. एकदाच बघायचं आणि पुन्हा डकवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

झाड बघून ती खाली बसली. चिंचेची बारीक पानं सुटी सुटी दिसत होती आणि तरी सगळी मिळून एक सावली झाली होती. झोका रिकामा होता, पण आत्ताच कुणीतरी उतरून गेल्यासारखा तिरका. असं आपल्याला सात जन्मांत जमणार नाही, हे तिला समजलं. तरी तिनं कागद पुढं ओढला. कागद कापून ती सावली करता येते का, हे बघायचं होतं. पॅसेंजर आली आणि गेली. तिनं तीनदा झाड कापलं आणि तिन्ही वेळा ते केरसुणीसारखं झालं. चौथ्या वेळी कोपराचा धक्का लागला, खळीची वाटी कलंडली आणि मोरचुदाचा निळसर ओघळ चित्रातल्या बुंध्यावरून थेट झोक्यापर्यंत गेला.

तिनं पुसलं, तसा तो आणखी पसरला. मग तिनं कार्ड ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि वर वडिलांचे कागद रचले.

संक्रांत झाली. गोजरबाई रोज गाडीच्या वेळेला ठेसनावर यायची. “माझं काई आलं का?” सूर्यभान मान हलवायचा. दहा-बारा दिवसांनी ती वच्छलाच्या ओट्यावर येऊन टेकली.

“तुझंच कार्ड धाडाया पायजे व्हतं,” ती म्हणाली. “तुझ्या हाताला गुण हाय. मास्तरीणबाईच्या चित्रात नुसताच रंग.”

दिवाळीपासून वच्छला हेच ऐकायला तरसली होती. ते शब्द कानावर पडताच तिला बरं वाटलं, हे तिनं पुढं स्वतःशी कधी नाकारलं नाही. तिनं गोजरबाईला चहासुद्धा केला. कपबशी हातात देताना गोजरबाई सहज बोलावं तसं बोलली, “सटवाजीला सोमवारी बोलावलंय. ते चिंचंचं झाड तोडून टाकते. आता कुणासाठी राखू? सकाळी दार उघडलं की तेच म्होरं दिसतंय.”

तो शनिवार होता. गोजरबाई गेली तरी वच्छला चुलीपुढं तशीच बसून राहिली. मग तिनं ट्रंक उघडली, कार्ड काढलं, पदराखाली घेतलं आणि समोरच्या घराची पायरी पहिल्यांदाच चढली.

पार्वतीबाई तांदूळ निवडत होती. कार्ड बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. “हे तुमच्याकडं कसं?”

“मी ठिवून घेतलं. उघडून बगितलं. माझ्या हातानं डाग पडला.” वच्छलानं कार्ड सुपाशेजारी ठेवलं. “तुमी तेवडं रंगवून नीट करून द्या. मी आजच टपालात टाकते. कुणाला कळायचं न्हाई.”

“मला कळलं ना.”

वच्छलानं कार्ड तिच्याकडं आणखी सरकवलं.

“मी नाही नीट करणार,” पार्वतीबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “नीट करून दिलं तर ते आत्ता पाठवल्यासारखं होईल. त्या म्हातारीनं ते पौषात पाठवलं होतं. तुम्ही हे असंच घेऊन जिंतूरला जा. डाग कुठून आला ते तिच्या लेकीला सांगा.” मग तिनं विचारलं, “इतकं काय वाईट केलं होतं मी तुमचं?”

“काईच न्हाई,” वच्छला म्हणाली. “तेच तर.”

रविवारी सकाळच्या गाडीनं ती परभणीला गेली आणि तिथून मोटारीनं जिंतूरला. सूर्यभानला तिनं सगळं सांगितलं होतं. त्यानं फक्त मोटार कुठून सुटते ते सांगितलं. वाटेत कपाशीची वेचणी चालली होती, मोटारीत धूळ भरत होती आणि वच्छला मांडीवरचं पाकीट दोन्ही हातांनी धरून बसली होती.

कडूबाई दारातच भेटली. कडेवर वर्षाची पोर. वच्छलानं उभ्या उभ्या सांगून टाकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कडूबाईनं कार्ड घेतलं आणि उजेडाकडं धरलं. तिचं बोट डागावरून झोक्याच्या फांदीवर गेलं.

“झोका या फांदीला नव्हता,” ती म्हणाली. “ही फांदी कच्ची. आईनं मला हिच्यावर कधी बसू दिलं न्हाई. तिला मास्तरीणबाईला सांगता आलं न्हाई व्हय?”

“त्यांनी जसं दिसलं तसं काडलं आसंल.”

“आईचा गुडघा कसा हाय?”

“धरूनच हाय. तरी रोज गाडीला येती. तुझं पत्र बगायला.” आणि मग वच्छला म्हणाली, “उद्या सटवाजी झाड तोडायला यायलाय.”

कडूबाई आत गेली. सासूशी काहीतरी बोलणं झालं, ते वच्छलाला ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गाठोडं होतं.

सोमवारी सटवाजी कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा गोजरबाईच्या दारात तिची नात रांगत होती. त्याला चहा पाजून परत पाठवलं. रथसप्तमीपर्यंत कडूबाई माहेरी राहिली. तिच्या हळदीकुंकवाला गावातल्या सगळ्या बायांना बोलावणं गेलं, वच्छलाला गेलं नाही. तिनं त्याची वाटही बघितली नव्हती. लेकीकडून सगळं कळल्यावर गोजरबाई वच्छलाशी होळीपर्यंत बोलली नाही आणि पुढंही टपाल कधी तिच्या हाती दिलं नाही. ती स्वतः गाडीपाशी उभी राहायची आणि टपालाच्या डब्यात आपल्या हातानं टाकायची. तिचं बघून आणखी चार जण तसंच करायला लागले. पण पार्वतीबाईनं ही गोष्ट कुणाजवळ बोलून दाखवली नाही, एवढं वच्छलाला पुरतं ठाऊक झालं.

त्या वर्षीच्या दिवाळीला वच्छला आपण होऊन समोरच्या घरी गेली आणि खळ करून दाखवली. मोरचूद किती घालायचं तेसुद्धा. पार्वतीबाईनं लक्ष देऊन बघितलं. दोघी मैत्रिणी झाल्या असं कुणी म्हणालं असतं तर वच्छलाला ते पटलं नसतं. समोरच्या खिडकीत नवं कार्ड वाळायला ठेवलं, की अजूनही तिला डाचायचं. आता फक्त ते डाचणं कसलं आहे हे तिला माहीत होतं, आणि डाचलं की ती उठून कामाला लागायची.

सत्तावन्न साली मास्तरांची बदली लांब, विकाराबादकडं झाली. जिल्हा तोवर मुंबई राज्यात गेला होता आणि परभणीच्या दुकानांत छापील भेटकार्डं आली होती, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांची. वच्छलाच्या दारात आता दहा-बाराच माणसं यायची. तरी ती करत राहिली.

साठ सालच्या संक्रांतीला तिच्या नावानं एक पाकीट आलं. अक्षर पार्वतीबाईचं होतं. कागदाला एक सुरकुती नव्हती. आत पॉइंटमनचं क्वार्टर होतं आणि ओट्यावर एक बाई मान खाली घालून कागद कापत बसली होती. चेहरा दिसत नव्हता, पण कात्री धरायची ढब तीच होती.

सूर्यभान खांद्यावरून वाकून बघत राहिला. “चांगलं काडलंय?” त्यानं विचारलं.

वच्छलानं ते दाराशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं, एकेक कौल तपासलं. खोट सापडते का ते बघत ती बराच वेळ उभी होती.

“चांगलं हाय,” ती म्हणाली.

उत्तराचं कार्ड करायला तिला आठ दिवस लागले. चार फाडली. पाचवं तिनं पाकिटात घातलं, डकवलं आणि या वेळी सूर्यभानच्या हाती न देता पॅसेंजर आल्यावर स्वतः जाऊन टपालाच्या डब्यात टाकलं. त्यात काय काढलं होतं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.