बैलांचा सोमवार

निजामाच्या राज्यात, भालकीजवळच्या आमच्या गावात सोमवारी कुणी औत जुंपत नसे. तो बसवण्णाचा वार, बैलांच्या विसाव्याचा. बैलांबरोबर अप्पाही मोकळे. दिवसभर मठाच्या कट्ट्यावर सोंगट्या खेळत बसायचे. आईला मात्र त्या दिवशी जास्तच काम. रिकाम्या माणसाला भूक फार लागते.

एकदा ती दळत असताना मी विचारलं, "आई, तुझा सोमवार कधी?"

जातं न थांबवता ती म्हणाली, "बैलाला बसवण्णा हाय. मला कोण हाय गं?"

ती गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. वार गुरुवार होता. अप्पांनी शेतातलं औत सोडलं आणि बैल गोठ्यात आणून बांधले. तिच्या मरणाची सुट्टीसुद्धा बैलांनाच मिळाली. दुसऱ्या दिवशी जात्यावर मी बसले.