घरात पुरुषमाणूस आहे का?

दार उघडणारी बाई असली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला होता: घरात पुरुषमाणूस आहे का? देव नंतर, आधी पुरुष. तो नसला तर उंबरा ओलांडायचा नाही, हा आम्हां मॉर्मन, म्हणजे एका अमेरिकन ख्रिस्ती पंथाच्या, मिशनऱ्यांचा नियम. आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार. तो अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या शेतावरून आलेला, लिफ्टमध्ये शिरताना मान वाकवणारा पोरगा. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं, हाही नियमच. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळा बिल्ला. बिल्ल्यावर आडनाव आणि त्याआधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. मिसरूड फुटून फार दिवस न झालेले वडीलधारे!

मी सोलापूरचा. पुण्यात शिकताना हा धर्म घेतला, घरच्यांनी बोलणं टाकलं, आणि चर्चने मला सिंगापूरला प्रचाराला पाठवलं. नव्वदच्या दशकातलं तिथलं बेडोक उपनगर म्हणजे एकसारख्या उंच इमारती आणि मोजक्याच मजल्यांवर थांबणाऱ्या लिफ्ट. आम्ही सगळ्यात वर जायचो आणि एकेक मजला दारं ठोठावत खाली यायचो. तळाला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला आणि पत्रकं घामाने मऊ झालेली.

चिनी घरांत हात हलवून ‘नको, नको’ म्हणायचे. तमिळ घरांत पाणी द्यायचे आणि मग नको म्हणायचे. सगळ्यात वाईट अनुभव आपल्या लोकांचा. पुण्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याने मरीन परेड भागातल्या त्याच्या महागड्या काँडोत आम्हांला संध्याकाळी प्रेमाने बोलावलं. गेलो, तर सोफ्यावर त्याचे मित्र बिअर घेऊन बसलेले. करमणुकीची सोय केली होती त्याने.

“हं, सुरू करा महाराज,” तो म्हणाला. “आणि हा गोरा काय करतो? नाचतो का?”

मी उभं राहून सगळा पहिला धडा म्हटला. ते हसत होते, मी म्हणत होतो. मला पत्रकातलं वाक्यन् वाक्य पाठ होतं, आणि पाठ असलेलं माणूस कुठेही म्हणू शकतो. निघताना एकाने माझ्या बिल्ल्याला टिचकी मारली. “आईबापांनी ह्याच्यासाठी शिकवलं का रे तुला?”

ताई भेटली त्यानंतर. बेडोकच्या बाजारात कोथिंबीर निवडता निवडता तिने माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव मोठ्याने वाचलं.

“आपला दिसतोस. कुठला रे तू?”

“सोलापूर.”

“मग हे काय सोंग घेतलंस?”

मी पत्रक पुढे केलं. तिने ते कोथिंबिरीच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, “घरी ये. दुपारी पोरगी शाळेत असते. कुणाशी तरी मराठीत भांडायचंय मला.”

तिचा नवरा जहाजावर इंजिनियर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. ती नवव्या मजल्यावर मुलीबरोबर राहायची. आम्ही निघता निघता मुलगी शाळेतून यायची आणि आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, शेवटी सिंगापुरी ‘लाह’ लावून. ताईचं सिंगापुरात राहणं नवऱ्याच्या सहीवर होतं. त्याने सही केली म्हणून डिपेन्डन्ट पास. त्याने ती मागे घेतली की बाई विमानात. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, अगदी गॅस संपला म्हणून सांगावं तसं.

नवरा नाही म्हणजे आम्ही आत जाणार नाही. मी तिला नियम समजावला. ती बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराआड उभी होती, ओले हात पदराला पुसत.

“म्हणजे मी तुम्हांला खाईन?”

“तसं नाही ताई. तुमच्याबद्दल कोणी वावगं बोलू नये म्हणून.”

“शहाणाच आहेस,” म्हणाली आणि आतून प्लास्टिकची दोन स्टुलं आणून जाळी किलकिली करून बाहेर सरकवली. स्वतः आत मोरीतला पाट घेऊन बसली. अशी आमची शाळा भरली. आम्ही कॉरिडॉरमध्ये, ती आत, मध्ये गज. कॉरिडॉरमधून सगळा मजला ये-जा करायचा. शेजारची चिनी म्हातारी आपल्या दाराशी उदबत्त्या लावायची आणि मग खुर्ची आमच्याकडे वळवून बसायची. तिला आम्ही विमा एजंट वाटायचो. बाईने अजून पॉलिसी घेतली नाही म्हणून ती आमच्याकडे कीव करून बघायची.

“चहा टाकते,” ताई म्हणाली.

“चहा चालत नाही आम्हांला.”

“कॉफी?”

“तीही नाही.”

“दारू-सिगरेट विचारत नाही, घाबरू नकोस. पण चहाने काय घोडं मारलंय तुमच्या देवाचं?”

पत्रकात याचं उत्तर होतं, मी दिलं. तिला ते पटलं नाही. पण पुढच्या वेळी खालच्या हॉकरच्या टपरीवरून आणतात तशा प्लास्टिकच्या पिशव्यांत तिने घरचं गार मायलो, चॉकलेटी दूधच ते, भरलं, स्ट्रॉ खोचली, दोरीची गाठ मारली आणि पिशव्या जाळीच्या गजाला टांगून ठेवल्या. त्यानंतर दर वेळी तेच. आणि दर वेळी तिच्या हातात कप आणि माझ्यासमोर तो नाचवत एक वाक्य: “घे रे एक घोट. देव बघत नाहीये, म्हातारी बघतेय.” मी कधीच घेतला नाही.

भांडायची ती खरोखर. आमच्या शिकवणीत देवाला हाडामांसाचं शरीर आहे. ती म्हणाली, “अस्सं. मग आमच्या गणपतीला सोंड आहे म्हणून नाक का मुरडता? शरीर म्हटलं की अवयव आले.” माझा जोडीदार विचारायचा, काय म्हणाली? मी म्हणायचो, विचार करतेय.

आमच्या धड्यांची एक रीत होती. एकेक मुद्दा सांगून झाला की थांबायचं आणि विचारायचं: तुम्हांला याबद्दल काय वाटतं? युक्ती होती ती. माणूस स्वतःच्या तोंडाने हो म्हणाला की पुढचा मुद्दा सोपा जातो. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ताईने कप खाली ठेवला.

“लग्न झाल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “परत विचार.”

बाप्तिस्मा तिला नकोच होता. तो प्रश्न हवा होता. मला ते लवकरच कळलं होतं, आणि तरी मी जात राहिलो. बाकीच्या दारांवर लोक मी विचारायच्या आधीच सांगायचे, त्यांना काय वाटतं ते.

गणपतीच्या आधी मरीन परेडच्या काकू आल्या. त्यांचा नवरा ताईच्या नवऱ्याच्याच जहाज कंपनीत वरच्या जागेवर, म्हणून इथल्या मराठी मंडळात काकूंचा शब्द शेवटचा. मुलांच्या नाचाचे कपडे घेऊन लिफ्टमधून उतरल्या आणि आम्हांला बघून उभ्याच राहिल्या.

“अगं बाई! पाहुण्यांना दारातच? आत तरी बसवायचं.”

“आत येत नाहीत ते. मी एकटी असते ना,” ताई म्हणाली.

“अस्सं.” काकूंनी माझ्या बुटांपासून वर बघायला सुरुवात केली. “म्हणजे एकटी असतेस, हे त्यांना ठाऊक आहे. किती दिवस चाललंय?”

“भांडण? बरेच दिवस.”

काकू हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “तुझ्या आईला माहीत आहे का रे, तू परक्या बायकांच्या दारात बसतोस?” आणि कपडे ताईच्या हातात न देता जाळीला अडकवून गेल्या, मायलोच्या पिशव्यांशेजारी.

मंडळाच्या गणपतीला ताईने उकडीचे मोदक नेले. पूर्वी नैवेद्याचे तिचेच असायचे. काकूंनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, “छान झालेत हो,” म्हणाल्या आणि डबा नेऊन दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर ठेवला. सगळ्यांसमोर. बाकीच्या बायकांनी ते पाहिलं. आरतीला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या सगळ्या. ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती.

“मुलगी म्हणाली, ममी, इट्स ओके लाह, वी ईट अ‍ॅट होम. मग बसलो दोघी आणि खाल्ले. सगळे.”

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांचा नवरा कंपनीत, आणि कंपनीचा निरोप भर समुद्रातही पोचतो. ताईच्या नवऱ्याला जहाजावर काय कळवलं ते मी वाचलेलं नाही, पण तो ठरल्या वेळेच्या आधी उतरला.

आम्ही नेहमीच्या दुपारी गेलो तर जाळी सताड उघडी. दारात तो उभा. गोरापान, नीट भांग, पायांत घरातल्या सपाता.

“या, या. आज आत या. आज घरात पुरुषमाणूस आहे.”

हसून म्हणाला. माझ्या जोडीदाराने खूश होऊन माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता कुटुंबच्या कुटुंब मिळणार. आम्ही पहिल्यांदा त्या घरात शिरलो. शिरताच उजवीकडे देव्हारा होता. इतके महिने गजांतून तो दिसलाच नव्हता. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगी शाळेत.

“चहा आण,” तो तिला म्हणाला.

“ते घेत नाहीत.”

“मी तुला विचारलं का?”

तिने दोन कप आणले. टीपॉयवर ठेवले. ती परत दारात जाऊन उभी राहिली.

“मला एक सांगा,” तो मला म्हणाला, “इतके दिवस बाहेर का बसत होता?”

मी नियम सांगितला. बाईचं नाव खराब होऊ नये म्हणून. अभिमानाने सांगितला, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, हेच ऐकून त्याची खात्री पटेल.

तो मांडीवर थाप मारून हसला. “ऐकलंस? यांच्या धर्माचंही तेच म्हणणं आहे. ही एकटी असली की भरवसा नाही. मी वेगळं काय म्हणत होतो?” मग माझ्याकडे वळला. “आत बसला असतात तर एक म्हातारीसुद्धा बोलली नसती. तुम्ही स्टुलं टाकून नवव्या मजल्यावर जाहिरात केलीत. पत्रकं वाटायची सवय ना!”

यावरचं उत्तर कुठल्याच पत्रकात नव्हतं. त्याचा निष्कर्ष सडका होता, पण जाहिरातीचं खरं होतं.

“हिला मी परत पाठवतोय. पास रद्द. मुलगी इथेच राहील, काकू बघतील तिच्याकडे.”

“तिला माझ्यापासून तोडू नका,” ताई म्हणाली. भांडणारी ताई नव्हती ती. आवाज पाटावर बसल्यासारखा खालून आला.

“तोडत नाही. यांच्यावर आहे.” त्याने कप माझ्याकडे सरकवला. “हा चहा पी. तू आणि हा गोरा. दोघांनी संपवला तर ही राहील. बघू या, तुमच्या देवाला हिची किती काळजी आहे.”

मी जोडीदाराला इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याचे कान लाल झाले. “एल्डर, हा माणूस खोटं बोलत असेल तर?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “आणि खरं बोलत असेल तर?”

मी कप उचलला आणि प्यायलो. आलं घातलेला, गोड, अंगात झिरपत जाणारा चहा. त्या शेतकऱ्याच्या पोराने जन्मात चहा चाखला नव्हता. त्याने प्रार्थनेला मिटतो तसे डोळे मिटले, घटाघट प्यायला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. पण कप पालथा करून दाखवला.

नवरा कौतुकाने बघत होता. “व्वा! चहाच्या कपात धर्म बुडाला. आणि अशांच्या नादी तू लागलीस!” मग खिशातून एअरलाइनचं पाकीट काढून देव्हाऱ्यापाशी ठेवलं. “तिकीट कालच काढलंय. निघा आता.”

मी काहीतरी ओरडलो. काय, ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या जोडीदाराने मला दंडाला धरून बाहेर आणलं. ताई जाळी लावायला आली. नवऱ्यानेच सांगितलं होतं लावायला. आम्ही बाहेर, ती आत, नेहमीसारखं. मला वाटलं, ती म्हणेल, तू प्रयत्न केलास रे.

“मी महिनोन् महिने म्हणत होते, एक घोट घे,” ती म्हणाली. “माझ्या हातचा नाही घेतलास. त्याच्या धाकाने घेतलास.”

“तुमच्यासाठी घेतला, ताई.”

“मला विचारलंस? मला काय वाटतं, ते?”

तिने कडी लावली.

चहा प्यायल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण तिचा तो प्रश्न अजून घशाखाली उतरलेला नाही. त्या खोलीत दोन धर्म आणि तीन पुरुष तिच्यावर पैज लावून बसलो होतो आणि तिला विचारायचं एकालाही सुचलं नाही, आणि विचारायची तर आमची रीतच होती. जोडीदाराने चहाचं मिशनच्या वरिष्ठांना कळवलं नाही. मीही नाही. ताई त्याच आठवड्यात गेली. पुढे एकदा तिची मुलगी बाजारात काकूंच्या बोटाला धरून दिसली. तिने मला ओळखून हात उचलला. काकूंनी तो खाली केला.

ताईच्या घरून निघालो त्या दिवशी काम संपलं नव्हतं. आठवा मजला उरला होता. आम्ही जिना उतरलो, पहिलं दार ठोठावलं. जाळीआड एक तरुण बाई आली, कडेवर मूल. जोडीदार माझ्याकडे बघत राहिला. ठरलेला प्रश्न विचारायची पाळी माझी होती. मी तो विचारला नाही.

“आम्ही देवाबद्दल बोलायला आलोय,” मी म्हणालो. “तुम्हांला काय वाटतं, बोलावं का?”

तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, “नवरा घरात नाही.” आणि दार लावून घेतलं.