देवाच्या खिडकीतून घेतलेली वायर

देवाच्या खिडकीतून मी इंटरनेटची वायर आत घेतली. चूक माझीच, वादच नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही… तरी लिहून टाकतो.

मी मूळचा पुण्याचा, राहतो टोकियोत, निशी-कसाईला. मागच्या हिवाळ्यात कंपनीने मला जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावर पाठवलं, आयनूंच्या एका छोट्या वस्तीत. आयनू म्हणजे तिथले मूळचे लोक. फार पूर्वी एका मिशनऱ्याने तिथे शाळा आणि प्रार्थनाघर काढलं, त्याभोवती वस्ती वाढली. आता तरुण मंडळी शहरात, मागे मोजकी म्हातारी माणसं. मोबाइलला रेंज नाही.

प्रार्थना चालवतात किमुरा-सान, ऐंशीच्या पुढच्या आजी. त्यांचा धाकटा भाऊ साप्पोरोच्या हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होता. रविवारची आयनू भाषेतली प्रार्थना त्याला एकदा ऐकायची होती, बास. माझं काम — बाहेर डिश, आत कॅमेरा, तिकडे त्याच्या उशाशी टॅबलेट.

आजींनी आधीच बजावलं होतं. प्रार्थनाघराची पूर्वेची खिडकी देवाची, त्याच्या येण्याजाण्याची. मिशनरी आला, क्रूस लागला, तरी वाडवडिलांनी ती ठेवली. तिच्यातून माणसं आत डोकावतसुद्धा नाहीत, तेव्हा वायर दाराकडून घ्या. मी "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो-हो, करत कमरेत वाकलो. पण डिश पूर्वेला, दार पश्चिमेला, वायर तोकडी, आणि विमान, बस, मग बर्फातली चाल करून पार पिट्ट्या पडलेला मी… आजी घरी गेल्या आणि मी खिडकीच्या फटीतून वायर सरकवली. सिग्नल फर्स्ट क्लास. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

रविवारी प्रार्थना सुरू झाली आणि लिंक तुटली. आजी मात्र समोर भाऊच बसलाय अशा थाटात कॅमेऱ्याकडे बघत गात होत्या. उठून "थांबा" म्हणायची माझी छाती झाली नाही. मागच्या बाकावर रीस्टार्ट, परत रीस्टार्ट, आणि तोंडाने मराठीत पुटपुट — लाग ना बाबा, लाग एकदाची. नाहीच लागली.

संपल्यावर बाहेर गेलो. वायर खिडकीखाली ताज्या बर्फावर, नीट वेटोळं करून ठेवलेली. आजूबाजूला पावलं फक्त माझी, आत्ताच उमटलेली.

जपानीत माफीची वाक्यं जुळवत आजींच्या घरी पोचलो. त्या घरच्या लँडलाइनवर भावाशीच बोलत होत्या, डोळे पुसत. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

नंतर मी दोन्ही टोकं तपासली. तिकडच्या टॅबलेटवर काहीही पोचलेलं नव्हतं. मग हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही, आणि खरं तर शोधायचं त्राणही नाही. कारण त्या दिवशी आजींनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाल्या,

"त्याला सगळं ऐकू आलं, शेवटच्या गाण्यापर्यंत. फक्त म्हणतोय, मागे कोणीतरी परक्या भाषेत सारखं कुरकुरत होतं, पुढच्या वेळी त्याला बाहेर बसवा."