गळक्या इंजिनाचा हिवाळा

हिवाळ्यात आमच्याकडे सकाळ फार सावकाश होते. धुकं धानाच्या बांध्यांवर पडून असतं, अंगणातला ट्रॅक्टर अर्धाच दिसतो, आणि बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ पोरांचं विमान उडालं की नुसता आवाज डोक्यावरून जातो. त्या हिवाळ्यात तर मी जागेपणीही झोपेतच वावरत होते. माय जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात बाबा आणि मी, दोघंच.

ट्रॅक्टर माझ्याहून थोरला. माय गेली त्या वर्षापासून त्याचं इंजिन पुढून-मागून तेल गाळू लागलं. मिस्त्रीने क्रँकच्या दोन्ही टोकांच्या ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलून दिल्या, तरी महिन्याभरात खाली पुन्हा काळं डबकं. तो म्हणाला, म्हातारा झाला, काढून टाका. भंगारवाला येऊन बघूनही गेला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. माझं डोकं फिरलं. जन्मभर ज्याच्यावर बसले, तो जाताना या माणसाने चार शब्द बोलू नयेत? म्हटलं, सील मी बदलते, तुम्ही फक्त सोबत बसा. लावणीसाठी टाकलेले उन्हाळी धानाचे पऱ्हे वीतभर झाले होते, चिखलणी तोंडावर होती. बाबांनी होकार दिला, पण अट घातली: आता गळला, तर द्यायचा.

पुढची सील पुल्लीमागेच असते, ती लवकर निघाली. मागची फ्लायव्हीलच्या जड चाकाआड. तिच्यासाठी ट्रॅक्टर कमरेतून वेगळा करावा लागतो. मोहाच्या झाडाखाली ओंडके रचून, जॅक लावून आम्ही त्याचे दोन भाग केले. मग दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. डिझेलचा वास, पानांतून गळणारं दव, आणि बाबा एकेक बोल्ट धुऊन सुपात मांडताहेत, माय तांदूळ निवडायची तसे. मधेच त्यांचा हात थांबायचा, नजर कुठेतरी धुक्यात जायची. मीही हाक मारत नसे. नव्या सीलच्या रबरी ओठावरून तेलाचं बोट फिरवत राहायचे. मला मायची फार आठवण येत होती, आणि त्या कामात ती येऊ द्यायला जागा होती.

ट्रॅक्टर जोडला, सुरू केला. थोड्या वेळाने पुढे एक थेंब जमला. मग मागे. बाबांनी वाकून पाहिलं आणि हात धुवायला गेले. उद्या भंगारवाल्याला बोलाव, म्हणाले.

मी पाना आपटला. इंजिन चालूच होतं. चडफडत तेल भरायचं झाकण फिरवलं, तर आतून धुराचा झोत थेट तोंडावर. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आतली हवा कोंडली होती, आणि तीच सीलमधून तेल बाहेर रेटत होती. दुखणं हल्याला आणि डाग पखालीला, असं चाललं होतं आमचं. इंजिन बंद करून खाली शिरले. आतली हवा बाहेर सोडायला बाजूला एक वाकडी नळी असते. तिच्या तोंडाशी चिखलाचा नुसता गोळा. खरवडला, तर आत कापड लागलं. हिरवं, जरीकाठाचं. मायच्या लुगड्याचं. वर तिची गाठ.

मी ब्लेड घेतलं. बाबा मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं.

"कापू नको. मी सोडतो."

गाठ दगड झाली होती. ते पाणी लावत राहिले, नखाने उकरत राहिले. ऊन अंगणभर आलं तेव्हा ती सुटली. मी इंजिन सुरू केलं. जमीन कोरडी राहिली. बराच वेळ आम्ही दोघं त्या कोरड्या जमिनीकडे बघत बसलो. भंगारवाल्याला नको म्हणून सांग, बाबा म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण जिभेला कुठे धीर असतो?

"बाबा, मग इतकी वर्षं हे सोडत कोण होतं?"

त्यांनी फडकं मांडीवर पसरलं.

"चिखलणीत नळीत चिखल जाते, फडकं बांधत जा, असं मीच सांगलो होतो तिले. रोज सोडते बी, हे मले मालूमच नव्हतं."

चिखल तुडवतानाच माय बांधीत पडली होती, ती पुन्हा उठली नाही. त्या संध्याकाळी ट्रॅक्टर घरी कोणी आणला, कुठे लावला, हे आम्हा दोघांनाही आठवत नाही. रडू मला आलं. चिखलणीच्या दिवसांत आमच्या दांडीवर एक हिरवं फडकं धुऊन वाळत असायचं. मी त्याने चुलीवरचा भात उतरवायचे.