पाणबुड्याच्या नगरीत

बाबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वाशीला खाडीकडच्या भरावावर पाणबुड्याची नगरी उभी राहिली. मी तेव्हा सातवीत होते. त्या काळात मुलांसाठी चित्रकथांची पातळ पुस्तकं निघायची. त्यातल्या एका मालिकेचा नायक हा पाणबुड्या. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या जहाजात तो राहायचा, सोबतीला एक म्हातारं कासव, आणि प्रत्येक पुस्तकात कुणाची तरी बोट वाचवायचा. कव्हर रंगीत, आतली पानं काळीपांढरी. बाबा ती रद्दीवाल्याकडून आणायचे आणि जेवणं झाली की मोठ्याने वाचायचे. कासवाचा आवाज नाकातून काढायचे. आई म्हणायची, "पोरीपेक्षा तुम्हालाच हौस जास्त."

बाबा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. एका दुपारी तिथे वाफेची नळी फुटली. त्या दिवसातलं मला सुटं सुटं आठवतं. मला शाळेतून घरी आणलं. शेजारच्या काकूंनी माझी वेणी सोडून परत घातली. का घातली कुणास ठाऊक, चांगली होती. दाराबाहेर चपला इतक्या झाल्या होत्या की जिन्यापर्यंत गेल्या होत्या. बाकीच्या रडत होत्या तेव्हा मीही रडले. मग ते थांबलं, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

काहीच नाही म्हणजे खरंच काही नाही. शाळेत जात होते, जेवत होते, मैत्रिणी हसल्या की हसत होते. गणितात तर आधीपेक्षा चांगले मार्क पडायला लागले. बाई म्हणाल्या, मुलीने धीर धरला. मी धीरबिर काही धरला नव्हता. हात बधिर झाल्यावर चिमटा काढला तर दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा वाटतो, तसं सगळं होतं.

आईला त्याच कारखान्यात पॅकिंगमध्ये लावून घेतलं. म्हणजे ती रोज त्याच गेटमधून आत जायची. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मी विचारलं नाही. तुर्भ्याच्या आमच्या दोन खोल्यांत आता आवाज होत नव्हते. रेडिओ लागायचा, बातम्या व्हायच्या, रेडिओ बंद व्हायचा.

मामा उरणला गोदामात कामाला होता. आईपेक्षा लहान, पण बाबा गेल्यापासून मोठ्यासारखा वागायचा. एका रविवारी तो सकाळीच आला आणि मला म्हणाला, "चल, तुझ्या पाणबुड्याला भेटून येऊ. वाशीला आलाय."

"मी ती पुस्तकं वाचत नाही आता," मी म्हणाले.

"बघायला काय जातंय? ताई, तूपण चल गं."

मला वाटलं आई नाही म्हणेल. ती आतल्या खोलीत गेली आणि मोतिया रंगाची साडी नेसून आली. ती साडी मी पाहिली नव्हती. केसांना तेल न लावता तिने ते नुसते विंचरले होते. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. हे मी पाहिलं, पण त्याचं पुढे काही केलं नाही.

नगरीचं प्रवेशद्वार म्हणजे पाणबुड्याचं भलंमोठं शिरस्त्राण होतं, प्लास्टरचं. त्याच्या गोल काचेच्या खिडकीतून आत जायचं. मी आणि बाबांनी कित्येकदा वाद घातला होता की पाणबुड्याचा पोशाख आतल्या चित्रांत नक्की कोणत्या रंगाचा असेल, कारण कव्हरवर तो दर वेळी बदलायचा. इथल्या फलकावर तो भगभगीत नारिंगी होता. मनात म्हटलं, बरं, नारिंगी. आणि आत गेले.

आत निळ्या कापडाचा बोगदा, वर ट्यूबलाइट, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे मासे. पुढे मोकळ्या जागेत प्लास्टरचा ऑक्टोपस, मोटरवर हात हलवणारा. काही हात हलत होते, काही नुसतेच वर धरलेले. जमिनीखालून खाडीचा वास येत होता. भराव नवा होता, चालताना टाचा रुतत होत्या. ऑक्टोपसपाशी पाणबुड्या उभा होता, नारिंगी रबरी पोशाखातला खराखुरा माणूस. शिरस्त्राणाची खिडकी उघडून तो घाम पुसत होता. जवळच्याच एखाद्या कोळीवाड्यातला असावा. मला म्हणाला, "काय गो पोरी, फोटू कारायचा हाय का?"

"नको," मी म्हणाले.

"मंग हात तरी मिलव."

मी हात मिळवला. हातमोजा ओला होता.

तेवढ्यात मामा एकदम मोठ्याने म्हणाला, "अरे वा! तुम्ही इकडे कुठे?" त्याला नाटक अजिबात जमत नव्हतं. समोर एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट खोचलेला, हातात पिशवी. त्यांच्या मागे पाच-सहा वर्षांची एक मुलगी, लाल फ्रॉक, पायात तिच्या मापापेक्षा मोठे बूट. मामा म्हणाला, "हे माझ्या ओळखीचे. ठाण्याला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर आहेत. जुईनगरच्या बाजूला राहतात." गृहस्थांनी आईला नमस्कार केला. आईने केला. मग मामा म्हणाला, "पोरींनो, तुमी जा, ऑक्टोपस बघा. आमी इथे बसतो," आणि त्याने बाकावरची धूळ रुमालाने झटकली, तीही फक्त दोघांपुरती. स्वतः तो शेंगदाणे आणायला म्हणून जो गेला तो गेलाच.

त्या लहान मुलीने माझं बोट धरलं. मी दिलं नव्हतं, तिनेच धरलं. ऑक्टोपसपासून चार हातांवर ती थांबली.

"हा खरा आहे?"

"नाही. प्लास्टरचा आहे."

"मग हलतो कसा?"

"मोटर आहे आत."

तिने विचार केला. मग म्हणाली, "तू माझी ताई होणार आहेस ना?"

"कोण म्हणालं?"

"आजी म्हणाली. आजी म्हणाली, आज नवीन आई बघायला जायचंय, हट्ट करायचा नाही, शू लागली तर आधी सांगायचं."

मी मागे वळून पाहिलं. बाकाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला ते. मधे त्यांची पिशवी. आई जमिनीकडे बघून काहीतरी बोलत होती आणि ते मान हलवत होते. नवी साडी, मामाचं मोठ्याने बोलणं, सगळं माझ्यासमोर नीट लागलं, गणित सुटावं तसं. आता मला राग यायला हवा, असं वाटलं. मी थोडा वेळ थांबून पाहिलं. आला नाही.

"तुला शू लागलीये का?" मी विचारलं.

"नाही."

"मग चल, पुढे बघू."

पुढे पाणबुडी होती. पत्र्याची बंद खोली, आत समोरासमोर दोन बाकडी, भिंतीला गोल खिडक्या. खिडक्यांबाहेर रंगवलेल्या कापडाची लांब गुंडाळी फिरायची, त्यामुळे मासे मागे चाललेत आणि आपण पुढे, असं वाटायचं. खोली खालून गदागदा हलवायचे. रांगेत आमचा नंबर लागला तोवर आई आणि ते गृहस्थ आम्हाला शोधत आले होते. पाणबुडीवाला घाईत होता. तो म्हणाला, "चला चला, मिया-बीवी एका साइडला, पोरी एका साइडला. जल्दी!"

आई जागच्या जागी थांबली. गृहस्थांचे कान लाल झालेले मला दिसले. ते पाणबुडीवाल्याला म्हणाले, "तसं नाहीये. मी बाहेर थांबतो, यांना बसू द्या."

पाणबुडीवाला म्हणाला, "कसं का असेना साहेब, मागे लाइन आहे."

लहान मुलगी वडिलांचा शर्ट धरून रडकुंडीला आली. तेव्हा आई म्हणाली, "बसा तुम्ही. ती घाबरेल." आणि स्वतः आधी आत जाऊन बसली.

दार लागलं. खोली हलायला लागली. टेपवर घोगऱ्या आवाजात कुणीतरी सांगत होतं की आता आपण पाताळात चाललो आहोत. मासे गेले, पोवळी गेली, बुडालेलं जहाज आलं, त्याच्या डोलकाठीवर कासव बसलेलं होतं. आणि तिथेच कापड अडकलं. कासव खिडकीत येऊन थांबलं, खोली मात्र हलतच होती. बाहेर धावपळ ऐकू आली. मग समुद्रातून, कासवाच्या बाजूने, चौकड्याच्या शर्टातला एक हात आला, कापड धरून ओढायला लागला. मागून पाणबुडीवाल्याचा आवाज, "खेच रे, खेच, कासवाला पकडून खेच!"

आई हसली.

आधी नुसता श्वास सुटल्यासारखा आवाज झाला. मग तिने तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत राहिले. समोर बसून मी तिच्याकडे बघत होते. हा आवाज मी इतके दिवस ऐकला नव्हता, की तो तिचा आहे हे ओळखायला मला वेळ लागला. ते गृहस्थ हसले नाहीत. ते तिच्याकडेही बघत नव्हते. लेकीला मांडीवर घट्ट धरून ते खिडकीतल्या हाताकडे बघत राहिले, जसं काही आई हसली हे त्यांना कळलंच नाही. त्या वयातही मला वाटलं, हे त्यांनी बरं केलं.

बाहेर आल्यावर मामा शेंगदाण्यांचे कोन घेऊन उभा होता. सगळ्यांनी शेंगदाणे खाल्ले. लहान मुलीने निघताना माझं बोट सोडलं नाही, तेव्हा तिच्या वडिलांनी ते हळूच सोडवलं आणि मला म्हणाले, "तिला सवय आहे. राग मानू नकोस."

"नाही," मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मामा पुढे उभा राहिला. आई आणि मी मागच्या सीटवर होतो. बस सुटल्यावर आई म्हणाली, "तुला आधी सांगायला हवं होतं."

"तिने सांगितलं मला. त्या छोटीने."

"मग? तुला काय वाटतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? आवडले नाहीत?"

"तसं नाही. काही वाटतच नाही."

मला वाटलं ती चिडेल, किंवा डोळे पुसेल. तिने दोन्ही केलं नाही. खिडकीबाहेर अर्धवट बांधलेल्या इमारती चालल्या होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मलापण काही वाटत नाही गं. ते गेल्यापासून नाही. आधी वाटलं, येईल परत. आता वाटतं, येईल तेव्हा येईल. त्याची वाट बघत बसले तर तू मोठी होऊन जाशील, आणि मी त्या गेटमधून आत-बाहेर करत राहीन." मग म्हणाली, "माणूस वाईट नाही. त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणाला होती. सगळं त्यांनीच केलं. मला सांगत होते, तेपण असंच सांगत होते. दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं."

"मग करा," मी म्हणाले.

"करा काय? भाजी आणायचीय का?" ती म्हणाली. पण हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तुर्भे येईपर्यंत काढला नाही.

उन्हाळ्यात विहारात लग्न झालं. त्रिशरण, पंचशील, मोजकी माणसं, बुंदी आणि चिवडा. बाबांच्या बाजूचं कुणी आलं नाही. फक्त बाबांचा एक मित्र आला होता, कारखान्यातला. जेवला आणि आईला म्हणाला, "बरं झालं वहिनी." आम्ही जुईनगरच्या घरी राहायला गेलो. तिथे तेव्हा स्टेशन नव्हतं, रस्तेही निम्मेच होते. मी त्यांना काका म्हणायला लागले. त्यांनी कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नाही. बाबांचा फोटो आईने ट्रंकेत ठेवला होता, तो त्यांनीच काढून हॉलमध्ये लावला. खिळा वाकडा गेला, म्हणून दुसरा मारला.

तरीही आत सगळं तसंच होतं. नवी शाळा, नवं दप्तर, शेजारी नवी माणसं, आणि मी त्या सगळ्यातून काचेमागून गेल्यासारखी.

मग पुढच्या पावसाळ्यात छोटीला गोवर निघाला. आई दुसऱ्या पाळीला होती, काका दवाखान्यातून यायचे होते. मी तिच्याजवळ शाळेचा निबंध लिहीत बसले होते. ती उठून बसली आणि भडाभडा ओकली, माझ्या अंगावर, गादीवर, निबंधावर. मी ओरडले. तिला, भिंतींना, कुणालाही. म्हणाले, "मला नकोय हे! मला काहीच नकोय यातलं!" ती घाबरून मागे सरकली. मग म्हणाली, "ताई, मी पुसते," आणि फ्रॉकने गादी पुसायला लागली.

मला रडू आलं. आलं ते थांबेना. गुडघ्यात डोकं घालून मी रडत राहिले. बाबा, बाबा, असं मोठ्याने म्हणत होते, कारण दुसरा शब्दच सुचत नव्हता. छोटी माझ्या पाठीवरून तापलेला हात फिरवत होती.

केव्हातरी काका आले. दाराशी उभे राहिले असावेत. आत आले नाहीत, काय झालं विचारलं नाही. त्यांनी बादलीत पाणी काढलं, चादर भिजवली, छोटीला उचलून बाहेर नेलं, तिचं अंग पुसलं. मग स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दारातून चहाचा कप आत सरकला, बशी वर झाकलेली. साखर त्यांनी दुप्पट घातली होती. चहा पाकासारखा लागत होता. मी तो सगळा प्यायले. मग उठून तोंड धुतलं, आणि निबंध पहिल्यापासून लिहायला घेतला.